टेस्ट पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ: टीबीच्या जंतूशी शरीर कसं वागतं?

सिडकोतल्या एका ताईंनी विचारलंय: "माझे दीर अंबडला कंपनीत कामाला आहेत. त्यांच्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडले, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. दिरांसह घरात आम्ही सहा जण. आशाताईंनी सांगितल्यावर सगळ्यांनी तपासून घेतलं. नऊ वर्षांच्या मुलीची हातावरची टेस्ट 14 मिलिमीटर आली, मिस्टरांचीही पॉझिटिव्ह, माझी निगेटिव्ह. आमचे सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ आहेत. सासूबाईंना शुगर आहे. त्यांची एका लॅबमधून रक्ताची टीबी अँटिबॉडी टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. धाकटा तीन वर्षांचा आहे. मुलीला काहीच त्रास नाही, मग तिला टीबी आहे का? प्रतिकारशक्ती चांगली असेल तर जंतू मरायला नको का? ती वाढवायला काय द्यायचं?"

ताई, आधी मुलीचं सांगतो, कारण झोप तुमची त्यानेच उडालेली असणार. ताप नाही, खोकला नाही, वजन घटलेलं नाही, मानेला गाठी नाहीत आणि एक्स-रे स्वच्छ, तर तिला टीबीचा आजार नाही. तिच्या शरीरात जंतू शिरला आहे आणि शरीराने तो ओळखला आहे, एवढंच त्या 14 मिलिमीटरवरून कळतं. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांची हीच अवस्था असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांना होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांतच होतो, म्हणून मुलीला गोळ्या लागतील. त्याकडे शेवटी येतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे, आणि ओपीडीत तो मला जवळजवळ रोज विचारला जातो. माझं म्हणणं असं की टीबीत प्रतिकारशक्ती कमी की जास्त, एवढंच विचारून भागत नाही. जंतूला आवरून धरते ती प्रतिकारशक्तीच, आणि फुप्फुस पोखरते तीही बऱ्याच अंशी प्रतिकारशक्तीच. हे कसं, ते समजलं की तुमच्या घरातल्या सहा जणांचे वेगवेगळे निकाल का आले तेही उलगडेल.

दीर खोकले, मोठ्याने बोलले की हवेत अगदी बारीक थेंब उडतात. मोठे थेंब खाली बसतात किंवा नाकाघशात अडकतात. एक ते पाच मायक्रॉनचे थेंब बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोषापर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. धूळ, काजळी, जंतू, जे येईल ते गिळायचं आणि आत पचवून टाकायचं हे त्यांचं काम. टीबीचा जंतूही त्या गिळतात. काही माणसांत गोष्ट इथेच संपत असावी. टीबीच्या रुग्णाबरोबर वर्षानुवर्षं एका घरात राहूनही टेस्ट निगेटिव्हच राहणारी माणसं असतात, आणि त्यांच्या शरीरात नेमकं काय वेगळं घडतं यावर युगांडासारख्या देशांत बारकाईने काम चालू आहे.

बहुतेकांत मात्र जंतू मरत नाही. मॅक्रोफेज ज्या पिशवीत जंतू गिळते, त्या पिशवीला पाचक रसांच्या दुसऱ्या पिशव्या येऊन मिळाव्या लागतात, तेव्हा आतलं भक्ष्य पचतं. टीबीचा जंतू ही जोडणीच होऊ देत नाही. 1971 साली लंडनमधल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे दाखवलं. त्याच्या भोवती मायकोलिक आम्लांचं जाड मेणचट आवरण असतं, ते सहज विरघळत नाही. म्हणजे जी पेशी त्याला मारायला आली, तिच्याच पोटात तो घर करतो. आणि घाई त्याला मुळीच नसते. इतर कित्येक जीवाणू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात.

आपली खास प्रतिकारशक्ती, म्हणजे टी पेशींची फळी, इथे उशिरा पोचते. जंतूची ओळख पटवण्यासाठी डेंड्रायटिक पेशींना जंतूचे तुकडे घेऊन छातीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत जावं लागतं. तिथे त्या जंतूला ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि मग त्या रक्तातून फुप्फुसात येतात. टीबीत या सगळ्याला तीन ते आठ आठवडे लागतात. तोवर जंतू भरपूर झालेले असतात, काही रक्तावाटे इतर अवयवांतही गेलेले असतात. हाडांचा, मणक्याचा, मेंदूच्या आवरणाचा टीबी होतो त्याचं बीज याच काळात पडतं.

तुमची टेस्ट निगेटिव्ह आली त्याचं एक कारण हेच असू शकतं, ताई. टी पेशींची ओळख परेड अजून पूर्ण झाली नसेल तर हातावर काही उमटत नाही. निगेटिव्हवर इतक्यात निर्धास्त होऊ नका.

टी पेशी फुप्फुसात आल्या की त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते मिळालं की मॅक्रोफेजचा जोर वाढतो, अडलेली पाचक पिशव्यांची जोडणी होऊ लागते आणि जंतू मरायला लागतात. टीएनएफ नावाचं दुसरं रसायन आणखी पेशींना बोलावून घेतं आणि जंतूंभोवती त्यांचा घेर पडतो. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. लासलगावचा कांदा आडवा चिरला की एकात एक गोल पापुद्रे दिसतात, तसा तो मायक्रोस्कोपखाली दिसतो: मधोमध मेलेल्या पेशींचा पांढुरका ऐवज, त्याभोवती मॅक्रोफेजचे थर, त्यातल्या काही एकमेकींत मिसळून झालेल्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, आणि सगळ्यांत बाहेर टी पेशींची कडा. मध्यात ऑक्सिजन कमी, अन्न कमी. जंतू तिथे मरतो किंवा वाढ थांबवून पडून राहतो. कालांतराने त्यावर चुना साचतो आणि साठीतल्या माणसाच्या एक्स-रेत तो पांढरा ठिपका म्हणून दिसतो. अनेकांना तो ठिपका बघून धास्ती वाटते, पण नुसता चुन्याचा ठिपका असेल तर ती बहुधा जुनी, निवलेली गोष्ट असते.

बरीच वर्षं आम्हाला हा घेर म्हणजे शरीराने जंतूला घातलेलं कुंपण असंच शिकवलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. ललिता रामकृष्णन या मूळच्या बडोद्याच्या शास्त्रज्ञ. त्यांनी झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये टीबीच्या जवळच्या नात्यातला जंतू सोडून जिवंतपणी काय घडतं ते पाहिलं. सुरुवातीच्या दिवसांत जंतू स्वतःच नव्या मॅक्रोफेजना खेचून आणतो, त्या नव्या पेशी मरणाऱ्या पेशींना गिळतात आणि जंतूला नवी घरं मिळतात, असं त्यात दिसलं. त्यांच्याच प्रयोगशाळेने पुढे दाखवलं की टीएनएफ कमी पडला तर जंतू आवरत नाही, आणि जास्त झाला तर मॅक्रोफेज फुटून जंतू बाहेर सांडतात. दोन्हीकडून नुकसानच.

याहून मला विचारात पाडणारी गोष्ट 2010 साली पुढे आली. बहुतेक रोगजंतू आपल्या टी पेशींना चकवण्यासाठी आपला चेहरामोहरा बदलत राहतात. जगभरातून आणलेल्या टीबीच्या 21 वाणांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा उलटं निघालं: टी पेशी जे तुकडे ओळखतात, तेच या जंतूत सगळ्यांत कमी बदललेले होते. आपण ओळखले जावं यात त्याचा काही फायदा असला पाहिजे, असाच याचा अर्थ लागतो.

तो फायदा काय ते तुमच्या दिरांच्या फुप्फुसात दिसू शकतं. त्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरून बघा. फुप्फुसाच्या वरच्या भागात गोल काळी पोकळी आणि तिच्याभोवती पांढरी जाड कड दिसली, तर ती कॅव्हिटी. ग्रॅन्युलोमाच्या मधला घट्ट ऐवज पातळ झाला, पेशींनी सोडलेल्या एन्झाइम्सनी आसपासचा फुप्फुसाचा सांगाडा खाल्ला आणि ते सगळं श्वासनलिकेत फुटलं की अशी पोकळी होते. आता जंतूला ऑक्सिजन भरपूर, आणि खोकल्यावाटे बाहेर पडायला थेट वाट. अशा पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. पोखरण्याचं काम केलं ते आपल्याच पेशींच्या एन्झाइम्सनी. म्हणूनच एचआयव्ही खूप पुढे गेलेल्या, सीडी-4 पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) अगदी कमी झालेल्या रुग्णात टीबी शरीरभर पसरतो, जिवावर बेततो, पण पोकळ्या कमी होतात आणि बेडक्यात जंतू सापडणं अवघड जातं. टी पेशीच नाहीत तर पोकळी करणार कोण? टीबीच्या जंतूला पसरायला बऱ्यापैकी धडधाकट प्रतिकारशक्तीचा माणूस लागतो. कंपनीत जाणारा, तरुण, बाकी ठणठणीत असलेला माणूस टीबीने आजारी पडला की घरचे "ह्याची प्रतिकारशक्ती कमी होती" म्हणून त्यालाच बोल लावतात. ते अन्यायाचं आहे. दिरांना असं कोणी म्हणत असेल तर थांबवा.

याच गोष्टीचं आणखी एक रूप आम्ही नेहमी पाहतो. विशी-पंचविशीचा मुलगा येतो, एका बाजूला छातीत दुखतंय, दम लागतोय, ताप आहे. एक्स-रेत अर्धी छाती पांढरी. बरगड्यांच्या मधून सुई घातली की पिवळसर, नितळ पाणी येतं, कधी लिटरभर. या पाण्यात टीबीचे जंतू शोधायला जावं तर बहुधा सापडतच नाहीत. सापडतात त्या लिम्फोसाइट पेशी ढिगाने (टी पेशी याच गटातल्या), आणि एडीए नावाचं एन्झाइम वाढलेलं. फुप्फुसाच्या आवरणात थोडेसे जंतू पोचतात आणि त्यांच्यावर टी पेशींची जी उसळी येते, तिने हे पाणी धरतं. मानेच्या गाठीचं औषध चालू असताना दोन महिन्यांनी गाठ लहान व्हायच्या ऐवजी एकदम फुगते, दुखते, तेही कित्येकदा असंच असतं: मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर सावरलेली प्रतिकारशक्ती तुटून पडते. घाबरून कोर्स सोडू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर आम्ही टीबीच्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड देतो, म्हणजे ही उसळी मुद्दाम दाबतो, आणि त्याने जीव वाचतात.

मग कमी प्रतिकारशक्तीने काहीच बिघडत नाही का? बिघडतं, आणि फार बिघडतं. संधिवातावर टीएनएफ दाबणारी इंजेक्शनं आली, तेव्हा 2001 साली लक्षात आलं की ती घेणाऱ्यांचा वर्षानुवर्षं निपचित पडलेला टीबी उफाळून येतोय. आता ती इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट होतो, कारण साखर जास्त असली की मॅक्रोफेज मंदावतात आणि टी पेशींची सुरुवात आणखी लांबते. खडी क्रशरवर आणि दगडाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या मॅक्रोफेज सिलिका गिळूनच मरतात, तिथे टीबीला मोकळं रान मिळतं. तंबाखूचा धूर, दारू, हेही आहेच.

पण आपल्याकडे सगळ्यांत मोठं कारण कुपोषण. पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला येणारी कुटुंबं, पालाच्या एका खोपटात सहा-सात जण, दोन वेळचा भात आणि त्यावर पातळ आमटी. त्यांच्यातला एक खोकायला लागला तर बाकीच्यांचं काय होणार हे सांगायला मोठ्या पदव्या लागत नाहीत. पोटात पुरेसं जात नसेल तर टी पेशी तयारच कमी होतात. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, 2023 साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या घरांतल्या सगळ्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, त्या घरांत नवा टीबी साधारण 40 टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळीने! टीबीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावरही हा आकडा वाचताना मला भरून आलं होतं. दिरांना निक्षय पोषण या टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी योजनेत महिन्याला 1000 रुपये मिळतात, नाव नोंदलं आहे ना आणि खातं जोडलं आहे ना ते विचारून घ्या.

"प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यायचं" याचं माझं उत्तर म्हणूनच सरळ आहे: पोटभर जेवण. डाळ, उसळ, अंडं, शेंगदाणे, दूध, जे परवडेल ते रोज. महागडी पावडर, काढे, इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्या यांवर पैसे घालवू नका. ड जीवनसत्त्वाबद्दल एकेकाळी खूप आशा होती. आमच्या देवळालीला सॅनेटोरियमं होती तेव्हा ऊन आणि हवा हाच उपचार होता, आणि ड जीवनसत्त्व मॅक्रोफेजला मदत करतं हेही प्रयोगशाळेत दिसलं. पण मंगोलियात आठ हजारांवर शाळकरी मुलांना तीन वर्षं ते देऊन पाहिलं. टीबीचा संसर्ग टळला नाही, 2020 साली तसं प्रसिद्ध झालं.

आता हातावरच्या टेस्टबद्दल थोडं, कारण ती वाचताना फार गोंधळ होतो. कातडीत 0.1 मिली औषध टोचतात. शरीरात टीबी ओळखणाऱ्या टी पेशी असतील तर त्या तिथे जमतात आणि 48 ते 72 तासांत जागा घट्ट होते. लाली मोजायची नसते, घट्टपणा मोजायचा असतो. आम्ही बॉलपेन बाहेरून आतल्या बाजूला हलक्या दाबाने सरकवत नेतो. जिथे पेन अडतं तिथे खूण करतो, दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजतो. मोबाइलवर फोटो पाठवून "डॉक्टर, लाल झालंय" म्हणून कळवलं तर त्यावरून काही सांगता येत नाही. जन्मतः दिलेल्या बीसीजी लशीमुळेही कधी थोडी सूज येते, पण नऊ वर्षांच्या मुलीत, घरात जंतू असलेला रुग्ण असताना, 14 चं खापर मी बीसीजीवर फोडणार नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-टीबी ही नवी टेस्ट बीसीजीच्या जंतूत नसलेल्या प्रथिनांवर बेतलेली आहे, त्यामुळे तिच्यात हा गोंधळ होत नाही.

बीसीजी असून मुलीला संसर्ग कसा झाला, हेही तुमच्या मनात आलं असेल. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगली वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत तिथल्या मोठ्या माणसांना तिचा उपयोग झालेला दिसला नाही. तरीही धाकट्याला ती दिलीत हे उत्तमच झालं.

सासूबाईंचा अँटिबॉडीचा रिपोर्ट बाजूला ठेवा. अँटिबॉडी रक्तात फिरतात आणि टीबीचा जंतू पेशीच्या पोटात बसलेला, त्यामुळे त्या रिपोर्टवरून आजार आहे की नाही काही कळत नाही. टीबीच्या निदानासाठी अशा टेस्ट विकायला 2012 सालीच आपल्या सरकारने बंदी घातली आहे. लॅबने ती केलीच कशी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांना खोकला, ताप, वजन घटणं यातलं काही असेल तर बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला द्या. नसेल तर तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी करून घ्या आणि ती आटोक्यात आणा. त्यांच्या बाबतीत ते मोठं रक्षण आहे.

आता गोळ्या. घरात बेडक्यात जंतू असलेला रुग्ण असेल तर आजार नाही याची खात्री करून इतरांना प्रतिबंधक औषध देतात, सरकारी केंद्रात ते मोफत आहे. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे बारा डोस. कुणाला कुठलं ते वय, वजन, यकृताची तब्येत बघून ठरतं. त्याआधी दिरांच्या सीबीनॅटमध्ये रिफाम्पिसिन रेझिस्टन्स, म्हणजे टीबीच्या त्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही असं, आहे का ते डॉक्टरांना जरूर विचारा. असेल तर सगळ्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

तीन वर्षांच्या धाकट्यासाठी टेस्टच्या निकालाची वाट बघायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलांची टी पेशींची फळी अजून पिकलेली नसते, घेर नीट पडत नाही, आणि संसर्गापासून मेंदूच्या टीबीपर्यंतचं अंतर काही आठवड्यांचंही असू शकतं. म्हणून आजार नाही एवढं पाहून त्याला औषध याच आठवड्यात सुरू व्हायला हवं, मुलीच्याही आधी. मुलीला आणि मिस्टरांना त्याच्या पाठोपाठ. तुम्ही स्वतः निगेटिव्ह असलात तरी औषध घेऊ शकता, टेस्ट पॉझिटिव्हच हवी अशी अट नाही. नाही घेतलंत तर दोन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करा. सासूबाईंनाही औषध देता येईल, पण वय आणि शुगरमुळे आधी लिव्हरची तपासणी करून, आणि आयसोनियाझिडबरोबर बी-6 ची गोळी हवीच, नाहीतर पायांना मुंग्या येतात.

रिफापेंटिन चालू असताना लघवी केशरी होते, त्याची काळजी नको. जेवण एकदम तुटलं, उलट्या व्हायला लागल्या, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. दिरांच्या खोलीची खिडकी दिवसभर उघडी ठेवा, त्यांनी बेडक्याची पुढची तपासणी होईपर्यंत मास्क लावावा आणि धाकट्याला तोवर त्यांच्या खोलीत झोपवू नका. ताट-वाटी वेगळी करायची मात्र काही गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही.